पडद्यावरचा सिदू आंबी

नायकानं दारूची बाटली पुराच्या पाण्यात भिरकावली आणि आमच्या गावानं तंबू डोक्यावर घेतला. शिट्ट्या काय, टाळ्या काय, कुणी पटका उडवला तो पुढच्याच्या मानेवर जाऊन पडला. पडद्यावर एक गाणं संपेपर्यंत त्या नायकानं अंगरखा काढला, छाती दाखवली, नावेत उडी घेतली आणि वल्हं हाती धरलं. काठावर त्याची बायको हिरव्या लुगड्यात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. एवढा पूर, घरं वाहून चाललेली, गुरं वाहून चाललेली, पण बाईच्या अंबाड्यातला गजरा जागचा हलला नव्हता.

माझ्या शेजारी येसबा हलगीवाला बसला होता. त्यानं मला कोपरानं ढोसलं.

"परसू, बघ की. सिदूअण्णा कसा नाव काढतोय."

मी त्याला म्हटलं, "येसबा, त्या पुरात तू नावेत होतास. हलगी उराशी धरून बसला होतास. नाव कुणी नेली तुझी?"

येसबानं शेंगदाणा फोडला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "तवा लई अंधार हुता रं."

पूर भर दुपारी आला होता.

जत्रेला येणाऱ्या सिनेमाच्या तंबूत मधे दोरी बांधलेली असे, अलीकडं पुरुष आणि पलीकडं बायका. त्या दोरीपलीकडं भागूबाई उठली. लुगड्याची वाळू झटकली, कनात वर केली आणि बाहेर पडली. तिच्यामागून तिची लेक तानी गेली. ज्या बाईनं ती नाव नेली होती ती बाई तंबूतून चालती झाली, आणि तिनं ज्यांना वाचवलं होतं ती माणसं मान उंच करकरून पडद्यावरच्या नायकाला बघत होती. त्यातल्या एकानं तर तिला सांगितलं, बाई, वाकून जा, दिसत न्हाय.

मी परशुराम शिंपी. वळणवाडीत जन्मभर कपडे शिवले आणि थापा मारल्या. कपडे फाटले, थापा अजून चालू आहेत. वारणेच्या डोहात मी कात्रीनं मगर मारली ही माझी थाप तीन तालुक्यांत गेली, आणि एकदा तर परक्या माणसानं ती मलाच ऐकवली, मगर हातभर लांब करून. म्हणून सांगतो, खोट्याचा मला राग नाही. पण थापेलाही काही रीत असते. मगर मारल्यानं मगरीशिवाय कुणाचं काही गेलं नाही. त्या दिवशी तंबूत जे चाललं होतं ती थाप नव्हती, सरळ सरळ उचलेगिरी होती, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत.

आमच्या वारणेवर आता पूल झालाय. तेव्हा पूल नव्हता. गाव अलीकडं, मरगाईचं देऊळ पलीकडं, आणि मधे डोह. नावेचं काम आंबी घराण्याकडं. प्रत्येक खेपेला पैसा घ्यायचा नाही, सुगीत घरटी धान्य घ्यायचं, अशी पद्धत. चैत्रात जत्रा भरे, मरगाईची पालखी नावेतून पलीकडं जाई, आणि जो पालखीची नाव नेईल त्याला देवीपुढचा पहिला नारळ. नारळ ज्याचा, वर्षभर नाव त्याची. हा मान पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा. आंबी घरातल्या बाईनं नावेला पाय लावायचा नाही, पाण्याची ओढ लागते, असं म्हणत.

मोठ्या पुराच्या साली पाणी खालच्या आळीत शिरलं तेव्हा नाव होती, नावाडी नव्हता. सिदू आंबी, भागूबाईचा नवरा, मारुतीच्या देवळाच्या शिखराला मिठी मारून बसला होता. मग ही बाई नावेत चढली. नवऱ्याला नाव हाकताना तिनं काठावरून पाहिलं होतं, तेवढंच तिचं शिक्षण. पहिल्या खेपेला नाव दोनदा गरगरली म्हणतात. मी तिसऱ्या खेपेला होतो, डोक्यावर शिलाई मशीन घेऊन. ती मला म्हणाली, "मशीन तरी सोड, न्हाय तर नाव तरी सोड." मी मशीन सोडली नाही, तिनंही मला सोडलं नाही. पाणी ओसरल्यावर म्हातारे पाटील पारावर उभे राहिले आणि म्हणाले, आजपासून पालखीची नाव भागूची, आणि तिच्यामागं ती देईल त्याची. कुणी चकार शब्द काढला नाही. काढायला लाज वाटली असती.

पुढं आमच्या शाळेत सबनीस मास्तर बदलून आले. त्यांना लिहिण्याची खोड. त्यांनी गावभर फिरून विचारपूस केली. निम्मी हकीकत त्यांना मी सांगितली, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी त्यातली मगर तेवढी गाळली आणि खरं ते ठेवलं. 'हातातलं वल्हं' नावाची कादंबरी झाली. तिची एक प्रत माझ्या दुकानात होती. नदीच्या पायरीवर उतारू यायची वाट बघत भागूबाई बसे, तेव्हा मी तिला रोज थोडी थोडी वाचून दाखवली.

कादंबरीतली बाई पहिल्या पानावर पाण्यात स्वतःचं तोंड बघायलाही भिते. मग पूर येतो. पण मास्तर काही बाईला पुरातून काढून देव्हाऱ्यात बसवत नाहीत. पूर ओसरल्यावर ती घरी येते, भाकरी थापते आणि नवरा ताटावरून ओरडला की दचकते, पूर्वीसारखीच. दुसऱ्या दिवशी नावेवर जाते. तिसऱ्या दिवशी जाते. कुणीतरी उतारू तिला अरेतुरे करतो, ती गप्प बसते. पुढच्या महिन्यात तोच पुन्हा करतो, तेव्हा ती नाव मधेच थांबवते. अशी ती बदलत जाते, तळहाताला घट्टा पडावा तशी. शेवटच्या पानावर ती पाटलाला सांगते, पाय धुऊन चढा, नाव माझी आहे. आणि नवरा? नवरा पहिल्या पानावर भित्रा, शेवटच्या पानावरही भित्रा.

पुस्तक संपल्यावर मी तिला विचारलं होतं, नवऱ्याचं वाचून वाईट वाटलं का म्हणून.

"वाईट कशाचं?" ती म्हणाली. "भ्यालेला माणूस भ्यालेला लिवलाय. त्यात शिवी कुठं हाय?" मग म्हणाली, "मी एवढं बोलत न्हाय पर. मास्तरांची बाई लई बोलती."

आणि त्याच कादंबरीवरून काढलेला हा सिनेमा, 'कुंकवाचा नावाडी'. पडद्यावर पाटीसुद्धा दाखवली होती, वळणवाडी म्हणून. नाव गावाचं, नदी गावाची, पूर गावाचा. फक्त बाईला नावेतून उतरवून काठावर उभी केली आणि तिच्या जागी नवरा चढवला. सिदूनं उभ्या जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. तो भीत होता, एवढंच. मी खेळ सुटल्यावर तंबूच्या मॅनेजरला गाठून विचारलं, ही बाटली कुठून आली? तो पान जमवत म्हणाला, "काका, हिरो सुधारला पाहिजे ना. भीती फेकून देताना कशी दाखवणार? बाटली फेकता येते." मी म्हटलं, आणि बाई? तो म्हणाला, "बाई चांगलीच आहे की आधीपासून. तिला कशाला बदलायचं?"

मला त्या पानासकट त्याचं तोंड शिवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात नवीनच वारं. सिदू आंबी, जो एरवी भिंतीकडेनं चालायचा, तो रस्त्याच्या मधोमध चालू लागला. न्हाव्याकडून मिशी कोरून घेतली. पोरं त्याला नायकाच्या नावानं हाक मारत, आणि तो वळून बघे. चावडीपुढं बसून तो पुराच्या गोष्टी सांगू लागला. दोन दिवस मी ऐकलं. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, वाईट सांगायचा. दर वेळी छाती उघडीच.

हे इथवरच राहिलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण सिदूचा पुतण्या बाळकू फार धोरणी. भागूबाईला मुलगा नव्हता. तानी तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती आणि आईबरोबर नावेवर उभी राहत होती. यंदा पालखीची नाव तानीनं न्यायची आणि पहिला नारळ तिच्या ओटीत पडायचा, असं भागूबाईनं ठरवलं होतं. तिचे स्वतःचे खांदे आता धरले होते. बाळकूनं जत्रेच्या आदल्या सकाळी पाराला पंच बसवले आणि मागणी घातली, की पुरात नाव काकानं नेली, तर मान काकाचा, आणि काकामागं पुतण्याचा. बाईचा आणि बाईच्या लेकीचा संबंध काय?

पंचांत पुढं दौलतराव सरपंच. म्हातारे पाटील कधीच वारले होते. मी म्हटलं, म्हाताऱ्या पाटलांनी याच पारावर शब्द दिलाय. दौलतराव म्हणाले, ते काही कुणी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, मी ऐकलंय, आणि पुरात मी त्या नावेत होतो.

दौलतराव मांडीवर हात मारून हसले. "परसू, कात्रीनं मगर मारणारा तूच न्हवं?"

सगळा पार हसला. बाळकू सगळ्यांत मोठ्यानं.

"मगर राहू द्या," मी म्हटलं. "मास्तरांनी सगळं चौकशी करून लिहिलंय. कादंबरी आणतो, वाचून दाखवतो. बाई कशी बदलली ते पानापानावर आहे."

"अरे कादंबरी एका माणसानं लिवली," दौलतराव म्हणाले, "त्यानं खोलीत बसून काय लिवलं, देव जाणे. सिनेमा आख्ख्या गावानं डोळ्यानं बघितला. आता डोळ्यावर इश्वास ठेवायचा का मास्तरावर?"

"तुम्ही पूर डोळ्यांनी पाहिला नव्हता का?"

"त्याला लई वर्सं झाली. सिनेमा परवाचा हाय."

 मी येसबाकडं पाहिलं. येसबानं हलगीची वादी आवळायला घेतली. मी पंचांतल्या आणखी दोघांकडं पाहिलं. दोघेही त्या नावेत होते. एकजण तर माझ्या मशीनला धरून बसला होता, त्याच्या भारानं मशीनचं चाक वाकलं ते अजून सरळ झालं नव्हतं. तो आभाळाकडं बघत होता. दौलतरावांनी मग मला समजुतीच्या सुरात सांगितलं, की बाबा, बाई बदलली काय आणि न बदलली काय, तिची चूल चुकत नाही. पुरुष सुधारला तर गावाला वळण लागतं. पोरांपुढं चांगलं उदाहरण राहतं.  चांगलं उदाहरण म्हणजे दुसऱ्याचं चोरून आपलं म्हणणं, असं मी म्हणालो, ते कुणी मनावर घेतलं नाही.

भागूबाई पाराच्या खाली बसली होती, हातात नावेचा बांबू धरून.  आता ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अवो, तुम्हीच सांगा की. तुम्ही हुताच की तितं."

सिदूनं मिशीवरून हात फिरवला. बाळकूकडं पाहिलं, पंचांकडं पाहिलं, पाराभोवती बसलेल्या पोरांकडं पाहिलं. बायकोकडं मात्र पाहिलं नाही.

"आता मी काय सांगू?" तो म्हणाला. "सिनेमावाली माणसं मोठी. चवकशी केल्याबिगर दावलं नसंल."

बघा, खोटंसुद्धा त्याला स्वतःच्या तोंडानं बोलवेना. तेही दुसऱ्याच्या तोंडात घालून मोकळा झाला. मी जन्मभर थापा मारल्या, पण माझी प्रत्येक थाप माझी होती.

तानी ताडकन उठली. भागूबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. मग स्वतः उठली, पाराच्या पायऱ्या चढली आणि तो बांबू सिदूच्या हातात दिला.

"धरा. उद्या पालखी तुम्हीच न्या."

दौलतराव म्हणाले, झालं, मिटलं, नवराबायकोत तंटा नकोच. पंचांनी पान खाल्लं.

जत्रेच्या दिवशी दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हतं. चैत्रातलं पाणी उथळ दिसतं आणि तिथंच माणूस फसतो. डोहात बांबू टेकत नाही आणि डोहाकडेला पाण्याखाली खडक असतात. त्यातल्या एकाला आम्ही म्हशीची पाठ म्हणतो. त्याला चुकवून नाव काढायची तर ओघ अंगानं ओळखावा लागतो. नावेत पालखी चढली, गुरव चढला, दौलतराव चढले, बाळकू नवा पटका बांधून चढला, येसबा हलगीसकट चढला. मीही चढलो. का चढलो असं विचारू नका. तमाशा असेल तर मी पुढं बसतो.

सिदू नावेच्या टोकाला उभा राहिला. काठावरची पोरं ओरडली, "सिदूअण्णा, अंगरखा काढ." त्यानं खरंच एक बटण काढलं. मग बांबू पाण्यात रोवला.

नाव निघाली ती पहिल्यांदा सरळ निघाली, काठावरच्यांनी ढकलली होती म्हणून. मग डोहाची ओढ लागली आणि ती आडवी झाली. सिदूनं उजवीकडं रोवला, नाव उजवीकडं वळली आणि वळतच राहिली. देऊळ समोर आलं, मग गाव समोर आलं, मग पुन्हा देऊळ. येसबाची हलगी चुकत चुकत बंद पडली. गुरवानं पालखीला मिठी घातली. बाळकू ओरडला, काका, इकडं आण, आणि उठून त्यानं बांबूला हात घातला. दोघांच्या ओढाताणीत बांबू निसटला, पाण्यात पडला आणि आमच्याआधी मजेत पुढं निघून गेला. पाठोपाठ नाव म्हशीच्या पाठीवर चढली. खालून कर्रकन आवाज आला, फळी उचकटली आणि एका अंगानं पाणी आत येऊ लागलं. नाव कलून तिथंच अडकली. चहूबाजूंनी डोह.

दौलतरावांना पोहता येत नव्हतं. हे गावाला त्या दिवशी कळलं. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं तसं त्यांनी गावाकडं तोंड करून हाक दिली, "भागूबाई, काय तरी कर."

भागूबाई पायरीवर बसली होती. पाण्यावरून आवाज स्वच्छ जातो. ती म्हणाली, "मी काय करू? सिनेमात मी काठावर बसून रडती. तेवढंच काम मला ठेवलंय."

बायकांत एक हसू उठलं आणि काठाकाठानं पसरत गेलं.

"अगं पालखी हाय नावंत," दौलतराव म्हणाले.

"ती कशी बुडंल? तिचा नावाडी लई मोठा हाय."

बाळकूनं पटका सोडला आणि त्यानं भोकात बोळा घालायला सुरुवात केली. पाणी पटक्याला जुमानेना. येसबा हलगीनं पाणी उपसू लागला. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती, आणि हसूही येत होतं, आणि या दोन्हींपेक्षा जास्त संताप येत होता, की ही माणसं पाणी पायाला लागल्याशिवाय खरं बोलणार नाहीत. दौलतराव घोट्यापासून नडगीपर्यंत भिजले तेव्हा त्यांना म्हाताऱ्या पाटलांचा शब्द आठवला. मोठ्यानं ओरडून त्यांनी सांगितलं, की मान तुझा, नारळ तुझ्या लेकीचा, पंच मीच आहे, आता ये.

भागूबाई उठली नाही.

"दौलतराव, तुमच्याकडं मी काल मागितलं न्हाय, आज बी मागत न्हाय," ती म्हणाली. "ज्यांनी काल पारावर सांगितलं त्यांनी सांगू द्या."

सगळ्यांनी सिदूकडं पाहिलं. तो नावेच्या टोकाला बसला होता, रिकामे हात मांडीवर ठेवून. कोरलेली मिशी पाण्यानं खाली लोंबली होती. बाळकू त्याच्या कानाशी लागला, काका, गप्प ऱ्हावा, कुणी तरी येईलच दोर घेऊन. दौलतराव म्हणाले, बोल रं बाबा, काय तरी बोल. त्यानं कुणाचंच ऐकलं नसावं. तो मग उभा राहिला. नाव हलली, गुरवानं देवीचं नाव घेतलं.

"मी देवळावर हुतो," सिदू म्हणाला.



"पुरात. मारुतीच्या देवळावर. शिखराला धरून. नाव हिनं नेली."  वाटलं, संपलं. पण तो पुढं बोलला, आणि आता त्याचा आवाज मोठा नव्हता, तरी दोन्ही काठांना ऐकू गेला. "पयल्या खेपंला ती माझ्याजवळनं गेली. मी तिला हाका मारल्या. म्हटलं, मी तुझा नवरा हाय, मला आधी ने. खाली आळीत पोरं रडत हुती, मला ऐकू येत हुती. तरी मी म्हटलं, मला आधी ने. हिनं मान वर केली न्हाय. समद्यांना नेलं आणि मला शेवटच्या खेपंला नेलं. बरं केलं."

हे मास्तरांच्या कादंबरीत नव्हतं. मास्तरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. गावात हे दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीनं एवढी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. पंचांपुढं स्वतःची नाव जात होती तेव्हाही नाही.

भागूबाईनं पदर खोचला. दुसरी नाव गावात नव्हती. तिनं गुऱ्हाळावरून गूळ कढवायची काहील मागवली. चौघांनी ती पाण्यात लोटली आणि मायलेकी त्या कढईत बसून निघाल्या, हातात एकेक फळी. काहील म्हणजे वल्हं मारावं तिकडं सोडून बाकी सगळीकडं जाते. पण ती त्या दोघींपुढं निमूट आली. माझ्या मगरीवर विश्वास ठेवू नका, या काहिलीवर ठेवा.

आल्याबरोबर भागूबाईनं हुकूम सोडले. बाळकूला पाणी उपसायला बसवला, दौलतरावांना भोकावर बसवलं. होय, बसवलं, सगळ्यात जाडजूड ऐवज तोच होता. गुरवाला सांगितलं, पालखी सोड, ती पळत नाही. सिदूला तिनं काही सांगितलं नाही, फक्त हातानं नावेच्या मधल्या फळीवर जागा दाखवली. तो बसला. काहिलीत एक बांबू आडवा टाकून आणला होता, तो तिनं उचलला आणि तानीच्या हातात दिला. तानीनं खडकाला रेटा दिला, नाव पाठीवरून घसरली, एकदा कललीसुद्धा, आणि सरळ होऊन देवळाकडं लागली. पहिला नारळ तानीच्या ओटीत पडला. 

इथं मी गोष्ट संपवत असे. ऐकणारे खूश होऊन चहा पाजत. पण पुढच्या चैत्राचं सांगितल्याशिवाय माझा राग उतरत नाही.

पुढच्या जत्रेला तंबूवाल्यांनी पुन्हा तोच सिनेमा आणला. त्यांचं डोकं नव्हतं ते. दौलतराव सरपंचांनी मुद्दाम निरोप पाठवला होता, की गावाची मागणी आहे. पहिल्या खेळाला तंबू फुगून कनातीला लागला. मी पुन्हा येसबाशेजारी बसलो. पूर आला. गाणं लागलं. नायकानं बाटली उचलली, आणि मी तंबूभर नजर फिरवली. वर्षापूर्वी ज्या भोकावर आपण स्वतः बसलो होतो ते विसरून दौलतराव पुढच्या खुर्चीवर ताठ बसले होते. बाळकूनं तोंडात दोन बोटं घातली होती. काठावर जे हसले होते, ज्यांनी सिदूचं बोलणं ऐकलं होतं, ते सगळे टाळ्यांसाठी हात वर करून तयार. बाटली पाण्यात पडली आणि त्यांनी तंबू पुन्हा डोक्यावर घेतला. येसबानंही टाळ्या वाजवल्या. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "सोड रं, सिनेमा हाय त्यो."

मी म्हटलं, गेल्या साली हेच म्हणायला तुला काय झालं होतं?

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी उठलं आणि मधोमध उभं राहिलं. मागून येणारा उजेड त्याच्या पाठीवर पडला आणि पडद्यावर नायकाच्या जागी एक काळी सावली उभी राहिली, पटका जरा तिरका, खांदे पडलेले. नायकानं नावेत उडी मारली ती त्या सावलीच्या आत. वल्हं उचललं ते सावलीच्या आत. ती मान मी ओळखली. सिदू आंबी होता.

"ए म्हाताऱ्या, खाली बस," मागून आरडाओरडा झाला. शेंगांची टरफलं येऊन त्याच्या पाठीवर आदळली. मॅनेजर धावत आला, त्यानं खांदा धरून ओढलं. सिदू बसला नाही. वळलाही नाही. नुसता उभा राहिला. दौलतराव खुर्चीतून ओरडले, "अरे, गावाला बघू दे की. बसव रं त्याला कुणी तरी."

दोरीपलीकडून भागूबाईचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या उभं त्यांना. मला नीट दिसतंय."